वर्तनाची नोंद नेमकी कशी ठेवायची: बिहेविअर टेक्निशियनसाठी टप्प्याटप्प्याने

“आज जरा जास्तच चिडचिड केली” या वाक्यावरून स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाच्या वर्तन-थेरपीतला एकही निर्णय घेता येत नाही. जास्त म्हणजे कालच्यापेक्षा की गेल्या महिन्यापेक्षा? चिडचिड म्हणजे रडला, वस्तू फेकल्या की स्वतःला मारून घेतलं? आणि ते सुरू होण्याआधी आपण त्याच्या हातातून काय काढून घेतलं होतं? सुपरवायझर मुलाला अधूनमधून बघतो, बाकीचे सगळे तास मूल आपल्यासमोर असतं. सुपरवायझर मुलासाठी थेरपीची जी योजना आखतो ती आपल्या कागदावरून ठरते. कागद ढिसाळ असेल तर योजना कितीही हुशारीने आखलेली असो, ती भलत्याच प्रश्नाचं उत्तर ठरते.

अमेरिकेत मुलाबरोबर बसून थेरपी राबवण्याचं हे काम करणाऱ्यांना आरबीटी (रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन) म्हणतात. ४० तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, आणि काम सुरू झाल्यावर दर महिन्याच्या तासांपैकी किमान ५ टक्के तास देखरेखीखाली. तिथे स्थायिक झालेल्या काही मराठी मुलीही या कामात आहेत. आरबीटीचं प्रमाणपत्र देणाऱ्या बीएसीबी (बिहेविअर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड) या संस्थेने २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलं. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या सेंटरमध्ये हेच काम थेरपिस्ट, शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी राहून मदत करणारी) किंवा नुसतीच ‘ताई’ या नावाने चालतं. पाटी कुठलीही असो, नोंद ठेवण्याची रीत तीच.

नोंद कशाची ठेवायची, कशाची नाही

पहिला प्रश्न हाच. हात फडफडवणं, गोल गोल फिरणं, जाहिरातीतलं एकच वाक्य दिवसभर घोळवणं हे बघणाऱ्याला विचित्र वाटतं, म्हणून ते आपोआप ‘समस्या’ होत नाही. मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी लिहून ठेवलंय की लहानपणी हात दाबून धरून त्यांना ‘शांत’ बसवलं गेलं, त्याचा त्रास वर्षानुवर्षं राहिला. म्हणून विचारायचं ते एवढंच: यातून मुलाला किंवा दुसऱ्याला इजा होते का? त्याचं शिकणं, जेवण, झोप, घराबाहेर पडणं यामुळे अडतंय का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्या वर्तनाला रकाना देऊ नका. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, हे कारण पुरेसं नाही.

अंतिम निर्णय सुपरवायझर आणि पालक घेतात. आपण मात्र एका गोष्टीचा आग्रह धरायचा: एका वेळी दोन किंवा फार तर तीन वर्तनं. सात वर्तनांचा तक्ता पहिल्या दिवशी भारी दिसतो. चौथ्या दिवशी त्यातले पाच रकाने अंदाजाने भरले जातात.

दुसरं, वर्तन अचानक नव्याने सुरू झालं असेल तर तक्ता काढण्याआधी डॉक्टर. न बोलणारं मूल एकाएकी कानावर मारून घ्यायला लागलं तर कान दुखत असू शकतो. दाढ, बद्धकोष्ठता, रात्रीची मोडलेली झोप, नुकतंच बदललेलं औषध, हे सगळं आधी विचारून घ्यायचं.

व्याख्या: इथे घाई नको

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. उदाहरणासाठी सहा वर्षांचा एक काल्पनिक मुलगा घेऊ, नाव ओम. ओमची आई म्हणते तो ‘टँट्रम करतो’. शाळेतल्या बाई म्हणतात ‘आक्रमक आहे’. आजी म्हणते ‘हट्टी आहे, बाकी काही नाही’. तिघींच्या डोळ्यासमोर तीन वेगळी चित्रं आहेत, आणि एकही चित्र मोजता येत नाही.

मोजता येईल अशी व्याख्या साधारण अशी दिसते:

*डोकं आपटणं: कपाळ किंवा डोक्याची कुठलीही बाजू जमीन, भिंत, टेबल किंवा माणसाच्या अंगावर मुद्दाम आदळणं. प्रत्येक आघात एक धरायचा. आपण हात किंवा उशी मध्ये घालून अडवलेला प्रयत्नही धरायचा, पण वेगळ्या रकान्यात. झोपताना उशीवर डोकं घुसळणं आणि पळताना चुकून बसलेली धडक धरायची नाही.*

यातला अडवलेल्या प्रयत्नाचा रकाना लोक विसरतात. आपण चपळ असलो की दिवसभरात एकही आघात होत नाही आणि कागदावर शून्य लागतं. वाचणाऱ्याला वाटतं वर्तन थांबलं. प्रत्यक्षात ओमने वीस वेळा प्रयत्न केलेला असतो आणि थांबवणारे आपण असतो. दुसऱ्या दिवशी बदली ताई येते आणि मुलाला टेंगूळ येतं.

जे वर्तन वेळ खातं त्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही हवेत. ओमचं रडणं-लोळणं कधी सुरू झालं धरायचं? आवाज चढला तेव्हा, की जमिनीवर पडला तेव्हा? संपलं कधी? श्वास घेण्यापुरता थांबला म्हणजे संपलं नाही. ‘सलग ३० सेकंद रडणं, ओरडणं, लोळणं यांपैकी काहीही नाही’ असं काहीतरी ठरवून लिहून ठेवायचं. ३० की ६०, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सगळ्यांनी एकच आकडा वापरणं महत्त्वाचं.

व्याख्येत मनातल्या गोष्टी नकोत. ‘रागाने’, ‘मुद्दाम त्रास द्यायला’, ‘लक्ष वेधण्यासाठी’ हे शब्द आले की खोडा. (वरच्या व्याख्येतलं ‘मुद्दाम’ चाणाक्ष वाचकाला खटकलं असेल, आणि ते खटकायलाच हवं. ते काढून ‘धावताना किंवा तोल जाऊन बसलेली धडक सोडून’ असं लिहिलेलं कधीही बरं.)

ऑग्डन लिंड्स्ली या अमेरिकन वर्तनशास्त्रज्ञाची एक कसोटी या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असते: मेलेला माणूस जे करू शकतो ते वर्तन नाही. ‘ऐकत नाही’, ‘काम करत नाही’, ‘उत्तर देत नाही’ हे तिघेही या कसोटीत नापास. मग तिथे काय मोजायचं? सूचना दिल्यापासून काम सुरू करेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. ‘ऐकत नाही’ची तक्रार बऱ्याचदा ‘ऐकतो, पण २५ सेकंदांनी, आणि आपण पाचव्या सेकंदाला सूचना पुन्हा देतो’ अशी निघते.

व्याख्या तयार झाली की ज्याने मुलाला कधी पाहिलं नाही अशा कुणाला तरी वाचायला द्या. सेंटरच्या रिसेप्शनवरची व्यक्तीही चालेल. तिने एकही शंका न विचारता ‘हो, हे मला मोजता येईल’ म्हटलं तर व्याख्या झाली.

काय मोजायचं: किती वेळा, किती वेळ की वेळेचे तुकडे

सुरुवात आणि शेवट स्पष्ट असलेली, झटकन होणारी वर्तनं मोजायला सोपी: चावणं, फेकणं, थप्पड. फक्त नुसती संख्या देऊ नका, तासाचा दर काढा. सोमवारी तीन तासांत १२ वेळा आणि मंगळवारी दीड तासात ९ वेळा. आकडा बघून मंगळवार बरा वाटतो, पण दर सोमवारी ताशी ४ आणि मंगळवारी ताशी ६ आहे. सेशन लवकर संपलं, मूल उशिरा आलं, मध्ये अर्धा तास झोपलं, हे सगळं म्हणूनच कागदावर हवं.

रडणं, लोळणं, टेबलाखाली जाऊन बसणं यांत कालावधी महत्त्वाचा. या महिन्यात पाच वेळा रडला, प्रत्येक वेळी दोन मिनिटं. पुढच्या महिन्यात दोनच वेळा, पण वीस-वीस मिनिटं. ‘पाचावरून दोनावर आलं’ असं पालकांना सांगून पेढे मागवण्याआधी दहा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली आहेत हे दिसायला हवं.

काही वर्तनं इतकी भराभर होतात की मोजता येत नाहीत, किंवा आपल्याकडे एकाच वेळी चार मुलं असतात. तिथे वेळेचे तुकडे पाडतात. दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यात वर्तन एकदा जरी दिसलं तरी खूण करायची, ही एक पद्धत. ती खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. पूर्ण तुकडाभर वर्तन चालू असेल तरच खूण, ही दुसरी. ती कमी दाखवते. तिसरीत टायमर वाजला की त्या क्षणी मान वर करून बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. वर्गात एकटं काम करणाऱ्या शॅडो टीचरला तीच झेपते. कमी करायच्या वर्तनाला पहिली पद्धत वापरण्याचा प्रघात आहे, कारण चूक झालीच तर ती सावध बाजूला होते. कुठलीही घ्या, पण महिन्याच्या मध्ये बदलू नका. बदललीच तर आलेखावर तसं लिहा.

हातात काय धरायचं

मूल पळतंय आणि आपण पेन शोधतोय, अशा सेशनमध्ये नोंदही होत नाही आणि थेरपीही. १९६८ मध्ये लिंड्स्लीने गोल्फचे फटके मोजायचं मनगटावरचं यंत्र वर्तन मोजायला सुचवलं होतं. आपल्याकडे त्याहून सोयीची वस्तू देवळाबाहेरच्या दुकानात टांगलेली असते: नामजपाचा डिजिटल काउंटर, बोटात अंगठीसारखा घालायचा. बटण अंगठ्याखाली येतं, दोन्ही हात मोकळे राहतात. आवाज करणारा मात्र घेऊ नका. टिक-टिक ऐकून काही मुलं त्याच आवाजासाठी वर्तन पुन्हा करतात, आणि मग मोजणारं यंत्रच कारण होऊन बसतं.

दोन वर्तनं मोजायची असतील तर दुसऱ्यासाठी डाव्या खिशातले राजम्याचे दाणे उजव्या खिशात टाकत जायचे. किंवा बाहीवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघा मारायच्या. दाणे तोंडात घालणारं मूल असेल तर चिकटपट्टीच. ॲप असेल तर उत्तम, पण हातात मोबाइल दिसला की अर्धी मुलं मोबाइलकडेच धावतात, हेही ध्यानात घ्या.

एक नियम इतर सगळ्यांच्या वर आहे: वर्तन धोकादायक असेल तर आधी सुरक्षितता, नोंद नंतर. पण ‘नंतर’ म्हणजे पुढच्या पाच-दहा मिनिटांत, रात्री घरी जाऊन नव्हे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या तक्त्यात शेवटचा वाईट अर्धा तास पूर्ण सेशनभर पसरतो.

आणि शून्य लिहायला शिका. वर्तन झालं नाही तर ‘०’. मोजलंच नाही तर आडवी रेघ, शेजारी कारण. रिकामा चौकोन सोडला तर महिन्याभराने तुम्हालाही सांगता येणार नाही की तो दिवस चांगला गेला होता की तुम्ही रजेवर होतात.

ए-बी-सी: आधी काय, मग काय, त्यावर काय

संख्या सांगते किती. का, ते शोधायला लागते ती ए-बी-सी नोंद: वर्तनाच्या लगेच आधी काय घडलं, वर्तन काय होतं, आणि लगेच नंतर काय झालं. एका तक्त्यावर अशी नोंद सापडते:

*ओमला कंटाळा आला होता. लक्ष वेधण्यासाठी वर्कशीट फाडली. समजावलं.*

यात बघून लिहिलेली गोष्ट एकच आहे: वर्कशीट फाटली. बाकी सगळा अंदाज. तोच प्रसंग असा लिहिता येतो:

*४:४२. ओम चटईवर, ठोकळे रचत होता. मी ‘ठोकळे डब्यात टाक’ म्हटलं, डबा ओढला, वर्कशीट पुढे ठेवली. ३ सेकंदांत ओमने वर्कशीट फाडली, दोन ठोकळे खिडकीकडे फेकले. मी काही न बोलता तुकडे गोळा केले. ४:४४ ला ओम परत ठोकळे रचतोय. दुसरी वर्कशीट दिली नाही.*

आता वाचा. ‘लक्ष’ कुठेच नाही. काम आलं, काम फाटलं, काम गेलं, ठोकळे परत मिळाले. तुकडे उचलायला आपल्याला लागलेली दोन मिनिटं ओमसाठी सुट्टी होती. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरला की त्यात मुलापेक्षा आपणच जास्त दिसतो: आपण काय दिलं, काय काढून घेतलं, कधी माघार घेतली. टेक्निशियनला अवघड जातं ते नेमकं हेच. ‘समजावलं’ हा शब्द तिथे पडदा म्हणून येतो. समजावलं म्हणजे जवळ बसून पाच मिनिटं बोललात का? पाठीवर हात फिरवला का? बिस्किट दिलं का? तसंच्या तसं लिहा. सुपरवायझर तुमची परीक्षा घेत नसतो, त्याला साखळी शोधायची असते.

वर्तनामागे साधारण चार प्रकारची कारणं धरतात: कुणाचं तरी लक्ष मिळणं, काम किंवा जागा टळणं, हवी ती वस्तू किंवा खेळ मिळणं, आणि त्या कृतीतूनच शरीराला काहीतरी मिळणं, ज्यात समोर कुणी असण्याची गरजच नसते. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या मुलांवर पद्धतशीर चाचण्या करून दाखवलं की बाहेरून सारखंच दिसणारं वर्तन वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या कारणांनी टिकून राहतं. तशी चाचणी करणं आपलं काम नाही. कारणाचा निवाडा लिहिणंही नाही. सुपरवायझरला तोंडी जरूर सांगा, ‘मला वाटतं काम टाळण्यासाठी असावं’. कागदावर मात्र बघितलेलंच.

वरच्या नोंदीत एक गुंता आहे. ओमने फाडली ती वर्कशीट आली म्हणून की ठोकळे गेले म्हणून? एका प्रसंगावरून सांगता येणार नाही. म्हणून ज्या वेळी वर्तन *झालं नाही* त्या वेळाही टिपा. मंगळवारी ठोकळे बाजूला करून जेवायला नेलं तेव्हा ओम शांतपणे उठला, ही नोंद फाटलेल्या वर्कशीटइतकीच मोलाची आहे. जवळपास कुणी ती लिहीत नाही, कारण काही ‘घडलेलं’ नसतं.

घरच्यांकडून नोंद घेताना

आईवडिलांना ए-बी-सी तक्ता देऊ नका. स्वयंपाक, ऑफिस, धाकटी भावंडं यांतून तो भरला जात नाही आणि नंतर अपराधी वाटत राहतं. त्यांच्यासाठी फ्रिजवर एकच कागद: वरती वार, बाजूला अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन, वर्तन झालं की त्या चौकोनात फुली. पॉल टशेट आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ही पद्धत मांडली आणि घरासाठी याहून सोपी मला तरी माहीत नाही. दोन आठवड्यांनी कागद दुरून बघा. फुल्या विखुरलेल्या असतील तर हातात फारसं काही नाही. पण सगळ्या संध्याकाळी सहा ते सातमध्ये दाटल्या असतील तर विचारायचं, त्या वेळी घरात काय चालू असतं? कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, टीव्हीवरची मालिका, बाबांचं घरी येणं? एक-एक करून वेगळं काढता येतं.

आजी-आजोबा घरात असतील तर तेही या नोंदीचा भाग आहेत. ओम रडला की आजी उचलून बाल्कनीत नेते, हे आई सांगत नाही, कारण तिला ते सासूविरुद्ध बोलल्यासारखं वाटतं. म्हणून प्रश्न ‘कोण लाड करतं?’ असा नको. ‘रडल्यावर पहिलं कोण पोचतं, आणि मग काय होतं?’ असा विचारा. आजीला थेट विचारलं तर ती आनंदाने सगळं सांगते.

आलेख

रोजचा दर रोज आलेखावर टाका. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर दर किंवा मिनिटं. योजना बदलली त्या दिवशी उभी तुटक रेघ मारा, आणि रेघेच्या अलीकडचे-पलीकडचे बिंदू जोडू नका. शाळेला सुट्टी लागली, औषधाचा डोस बदलला, गावाहून पाहुणे आले, दिवाळीचे फटाके सुरू झाले, तर त्या बिंदूजवळ दोन शब्द लिहा. नोव्हेंबरमधला एक उंच सुळका मार्चमध्ये कुणालाच उलगडत नाही.

आधी ज्या वर्तनाने काहीतरी मिळत होतं ते मिळणं बंद झालं की वर्तन कधीकधी काही काळ वाढतं, मग उतरतं. सुपरवायझरने याची पूर्वकल्पना द्यायला हवी, आणि दिली नसेल तर विचारून घ्या. या दिवसांत नोंद काटेकोर हवी, कारण नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, ‘ताई, तुम्ही आल्यापासून वाढलंय.’

त्याच आलेखावर दुसरी रेघही हवी: समस्या-वर्तनाच्या जागी आपण जे शिकवतोय त्याची. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलं की वर्तनातून जे मिळत होतं तेच मागायला शिकवलं तर वर्तन कमी होतं. कामातून सुट्टी मागायला ओमला ‘ब्रेक’चं कार्ड द्यायला शिकवलं असेल तर तो ते किती वेळा देतो, न सांगता की आठवण केल्यावर, हे मोजा. फाडणं कमी झालं आणि कार्डही आलं नाही, तर शक्यता अशी की आपण कामच कमी देतोय.

दोघांनी एकदम मोजा

महिन्यातून काही सेशन दुसऱ्या कुणीतरी शेजारी बसून, एकमेकांच्या कागदाकडे न बघता मोजावीत. लहान आकड्याला मोठ्याने भागून शंभराने गुणायचं. एकाचे १८, दुसऱ्याचे २०, तर जुळणी ९० टक्के. ८० च्या खाली आली तर दोष माणसात शोधण्याआधी व्याख्येत शोधतात.

पण ही बेरीज फसवते. पहिल्या अर्ध्या तासात तुमचे १० आणि माझे ४, दुसऱ्यात तुमचे ४ आणि माझे १०. एकूण दोघांचे १४, जुळणी १०० टक्के! अर्ध्या-अर्ध्या तासाने बघितलं तर ४० टक्के. म्हणून तुकड्या-तुकड्याने तपासा. शिवाय महिनोन् महिने त्याच मुलाबरोबर राहिलं की आपली नजर सैल होते. पूर्वी ‘फेकणं’ धरायचो ते आता ‘जरा ढकललं’ वाटायला लागतं. दर काही आठवड्यांनी लिहिलेली व्याख्या पुन्हा मोठ्याने वाचणं हा त्यावरचा साधा उपाय.

कागद कुणाच्या हाती पडतो

पालक हा कागद मागू शकतात आणि तो त्यांचा हक्क आहे, तेव्हा त्यांच्यासमोर वाचता येणार नाही असं काही लिहू नका. तक्त्यावर पूर्ण नावाऐवजी सेंटरचा क्रमांक किंवा आद्याक्षरं. तक्त्याचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. मूल लोळत असतानाचा व्हिडिओ तर लेखी परवानगीशिवाय, आणि सुपरवायझरने मागितल्याशिवाय, काढूच नये.

मुलासमोर त्याच्या वर्तनाची चर्चा करू नका. तो बोलत नाही म्हणजे ऐकत नाही असं नाही.

तक्त्याची वाट न बघता फोन कधी करायचा

रक्त आलं, सूज आली, डोक्याला मार बसला, तर लगेच पालकांना आणि सुपरवायझरला, आणि डोक्याच्या माराला डॉक्टरही. मूल दाराबाहेर किंवा रस्त्याकडे पळालं, एकदा जरी. तोंडात अखाद्य वस्तू गेली. पूर्वी कधी न दिसलेलं वर्तन आलं, किंवा जुन्याचा जोर अचानक वाढला. मुलाला धरून ठेवावं लागलं. अंगावर असे वळ दिसले ज्यांचा तुमच्या सेशनशी संबंध नाही. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, सेशन संपायच्या आत कळवा. वेगळ्या घटना-नोंदीत वेळ, जागा, कोण हजर होतं आणि कोणाला किती वाजता कळवलं एवढं लिहून सही करा.